गिअरबॉक्स खाली घ्यायच्या आधी एवढं वाचा

महिंद्राची बोलेरो पिकअप असो नाहीतर टाटाची २०७, गाडी दहा-बारा वर्षांची झाली आणि गिअर टाकताना खर्रर्र वाजायला लागलं की गॅरेजवर एकच वाक्य ऐकायला मिळतं, "बॉक्स खोलावा लागंल शेठ." आणि बॉक्स खोलणं म्हणजे काय, तर गाडी तीन-चार दिवस उभी, ठरलेलं भाडं गेलं, हप्ता चालू असेल तर तो डोक्यावर, मजुरी वेगळी, सामान वेगळं. आता खोलावा लागतोच बऱ्याचदा, नाही असं नाही, पण "गिअर पडत नाही" किंवा "आवाज येतोय" या तक्रारीचं मूळ कितीतरी वेळा बॉक्सच्या बाहेरच असतं, आणि ते कुठे आहे हे गाडी उभ्या जागी पाच-दहा मिनिटं नीट ऐकलं तर कळतं. त्यासाठी आत काय चाललंय ते थोडं माहीत पाहिजे, म्हणून आधी तेवढं बघू.

इंजिनाची ताकद ठराविक फेऱ्यांतच चांगली मिळते, खूप कमी फेऱ्यांवर ते गुदमरतं आणि बंद पडतं. भरलेली गाडी जागेवरून हलवायची किंवा कसारा घाट चढायचा तर चाकाला जोर हवा, वेग नंतर. म्हणून पहिल्या गिअरला इंजिन चार-एक वेळा फिरतं तेव्हा बॉक्समधून बाहेर एक फेरा येतो, आणि जोर तेवढ्याच पटीत वाढतो. चौथ्याला बऱ्याच पिकअपमध्ये एकास एक, म्हणजे इंजिन जेवढं फिरलं तेवढंच बाहेर. पाचव्याला बाहेरचा शाफ्ट इंजिनापेक्षा जरा जास्तच फिरतो, हायवेला डिझेल वाचावं म्हणून.

हे सगळं तीन शाफ्टवर चालतं. इंजिनाकडून क्लचमधून येतो तो क्लच शाफ्ट. त्याच्या खाली समांतर असतो ले शाफ्ट, काही जण काउंटर शाफ्ट म्हणतात, त्याच्यावर सगळे गिअर घट्ट बसलेले असतात आणि क्लच शाफ्ट फिरला की तो फिरतोच. तिसरा मेन शाफ्ट, जो मागे प्रोपेलर शाफ्टकडे, म्हणजे मागच्या चाकांकडे फेरे नेणाऱ्या लांब नळीकडे जातो. लोकांना वाटतं की आपण दांडा ओढला की आत एक गिअर सरकून दुसऱ्याच्या दात्यांत जाऊन बसतो. तसं नसतं. पुढचे सगळे गिअर कायम एकमेकांत अडकलेलेच असतात, गाडी उभी असू दे नाहीतर पळत असू दे. फक्त मेन शाफ्टवरचे गिअर शाफ्टला जोडलेले नसतात, नीडल बेअरिंगवर मोकळे फिरत असतात. त्यातला एक पकडून शाफ्टला लॉक करायचा, एवढंच आपण करतो. हे लॉक करायचं काम स्लीव्ह करते, म्हणजे हबवर (मेन शाफ्टला घट्ट बसलेल्या तुकड्यावर) सरकणारी एक जाड दातेरी रिंग, आणि तिला ढकलतो काट्यासारखा फोर्क, आणि फोर्कला ढकलतो तुमचा हात. रिव्हर्स मात्र बऱ्याच जुन्या गाड्यांत खरंच सरकणारा गिअर असतो, म्हणून गाडी पूर्ण थांबायच्या आत रिव्हर्स टाकला की जो आवाज येतो तो दात्यांचे कोपरे उडायचाच आवाज असतो.

आता खरी अडचण इथे आहे. समजा दुसरा गिअर २.२ चा आहे आणि तिसरा १.४ चा. दुसऱ्यावर इंजिन ३००० वर फिरतंय आणि तुम्ही तिसरा टाकता. गाडीचा वेग तर तोच आहे, पण तिसऱ्यासाठी आतल्या शाफ्टची गती साधारण १९०० वर यायला पाहिजे, तरच स्लीव्ह आणि गिअर एका गतीने फिरतील आणि दाते एकमेकांत शिरतील. उलटं, तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना २००० चे ३१०० करावे लागतात. चालत्या एसटीत चढणारा माणूस आधी बाजूने पळतो, एसटीएवढा वेग आला की मग पाय टाकतो, तसंच हे आहे. हे पळायचं काम करते सिंक्रो रिंग, म्हणजे ती पितळी रिंग. आतून ती निमुळती असते, गिअरच्या कोनवर, म्हणजे शंकूसारख्या भागावर जाऊन दाबली जाते, घासते, आणि घासून घासून दोघांची गती एक करते, मगच स्लीव्हला पुढे जाऊ देते. गती एक होईपर्यंत तिचे बारीक दाते स्लीव्हला अडवून धरतात. १९२८ साली अमेरिकेत कॅडिलॅकने हा प्रकार पहिल्यांदा गाडीत आणला. त्याआधी, आणि आपल्याकडे जुन्या ट्रकवर तर त्यानंतरही कितीतरी वर्षं, ड्रायव्हर लोक डबल क्लच मारून हे काम पायाने करायचे, न्यूट्रलला क्लच सोडून रेस द्यायची, परत क्लच दाबून खालचा गिअर टाकायचा. ज्याला ते जमतं त्याच्या हातात सिंक्रो गेलेली गाडीपण न वाजता चालते, म्हणून कधी कधी मालक म्हणतो गाडी खराब आहे आणि जुना ड्रायव्हर म्हणतो काही झालेलं नाही, आणि दोघंही खरं बोलत असतात.

दुसऱ्याची रिंग सगळ्यात आधी का जाते तेही यातच आलं. पहिल्या-दुसऱ्या-तिसऱ्यात गतीचा फरक मोठा आणि वापर सगळ्यात जास्त. त्यात कागदावर सव्वा टनाची गाडी आणि लासलगावला कांदा नेताना त्यात किती भरतात ते सगळ्यांना माहितीये. चढावर वेग पटकन पडतो म्हणून घाईत खट्कन दुसरा मारायचा, रिंगेला घासायला वेळच द्यायचा नाही. अशा हजारो वेळच्या घाईने तिच्या आतले बारीक आटे गुळगुळीत होतात, मग ती कोनवरचं तेल कापू शकत नाही, नुसती तेलावर घसरते, आणि गती एक व्हायच्या आत स्लीव्ह गिअरच्या दात्यांवर जाऊन आदळते. तीच खर्रर्र.

आधी कान लावा

गाडी सपाट जागेवर उभी करा, हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा. इंजिन चालू, न्यूट्रल, क्लचवर पाय नाही. बॉक्समधून घूं-घूं किंवा खरखर येतेय का? आता क्लच हळूहळू पूर्ण दाबा. आवाज गेला, तर क्लच शाफ्टचं किंवा ले शाफ्टचं बेअरिंग, कारण क्लच दाबला की हे दोन्ही शाफ्ट फिरायचे थांबतात. उलट, आधी शांत होतं आणि क्लचवर नुसता पाय ठेवला की किंचाळतंय, तर ते रिलीज बेअरिंग, ज्याला गॅरेजवर नुसतं क्लच बेअरिंग म्हणतात. आणि क्लच पूर्ण दाबून पहिला टाकून उभं राहिल्यावरच आवाज येत असेल, तर फ्लायव्हीलच्या (इंजिनामागे फिरणाऱ्या जड चकतीच्या) मधोमध बसलेल्या पायलट बेअरिंगवर संशय घ्या, कारण फ्लायव्हील फिरतंय आणि क्लच शाफ्टचं टोक थांबलंय अशी वेळ तेव्हाच येते, बाकी सगळा वेळ ते दोघं बरोबर फिरत असतात. रिलीज आणि पायलट ही दोन्ही बेअरिंगं बदलायला बॉक्स खाली घ्यावा लागतो हे खरं, पण खोलावा लागत नाही. खाली घेणं आणि खोलणं यात पैशाचा मोठा फरक आहे आणि बिलावर या दोन गोष्टी एकच केल्या जातात, तेवढं लक्ष ठेवा.

मग गाडी रोडला काढा. पहिला, दुसरा, तिसरा, पाचवा सगळ्यांत आवाज आणि चौथ्यात एकदम कमी, असं असेल तर ले शाफ्टची बेअरिंगं. चौथ्यात जोर क्लच शाफ्टमधून सरळ मेन शाफ्टमध्ये जातो, ले शाफ्ट फिरतो पण त्याच्यावर वजन नसतं, म्हणून तो गप्प बसतो. एकाच गिअरमध्ये आवाज असेल तर त्या गिअरचे दाते किंवा त्याच्या आतलं नीडल बेअरिंग. आणि गिअर कुठलाही असो, न्यूट्रलला उतारावर सोडली तरी गाडीच्या वेगाबरोबर आवाज वाढतोय, तर आधी खाली झोपून प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, म्हणजे त्याचे वळणारे सांधे हलवून बघा, सेंटर बेअरिंग असेल तर ते बघा, मागचा क्राऊन-पिनियन, म्हणजे मागच्या ॲक्सलमधली गिअरची जोडी बघा. मधल्या क्रॉसच्या आवाजाला बॉक्सचा आवाज समजून बॉक्स उतरवलेल्या गाड्या कुठल्याही गॅरेजवर विचारा, सांगतील.

गिअर जड पडतोय ही वेगळी तक्रार. इंजिन बंद करून सगळे गिअर टाकून बघा. बंद असताना लोण्यासारखे पडतायत आणि चालू केलं की अडतायत, तर क्लच पूर्ण सुटत नाही. बॉक्सला हात लावू नका. हायड्रॉलिक क्लच असेल तर डबीतलं तेल बघा, खालच्या सिलेंडरचं रबर उचकून ओलं आहे का बघा, हवा काढा, पेडलचा प्ले (मोकळी हालचाल) बघा. अजून एक खात्री करायची असेल तर क्लच पूर्ण दाबून मनात आठ-दहा मोजा आणि मग रिव्हर्स टाका. तेवढ्या वेळात आतले शाफ्ट थांबायला पाहिजेत. तरीही वाजला, तर क्लच त्यांना थांबू देत नाहीये. हे खालच्या सिलेंडरच्या किटवर निभावतं, आणि लोक सिंक्रो सेट घेऊन येतात.

एकाच गिअरला वाजतंय, बाकी सगळे मऊ, तर ती सिंक्रो रिंग, यात फार डोकं लावायचं कारण नाही.

गिअर सुटतोय, म्हणजे चालता चालता टण्णकन न्यूट्रलला येतोय, याची कारणं मात्र बरीच. सगळ्यात स्वस्त म्हणजे गोळी-स्प्रिंग. दांड्याच्या खाली जे रॉड असतात त्यांना खाचा असतात, त्या खाचेत एक स्टीलची गोळी स्प्रिंगने दाबलेली असते, ती गिअरला जागेवर धरते. स्प्रिंग ढिली पडली की गिअर राहत नाही. बऱ्याच बॉक्समध्ये ही गोळी वरचं झाकण किंवा बाहेरचा एखादा बोल्ट काढूनच बदलता येते. मग इंजिनाचे आणि बॉक्सचे रबरी माउंटिंग, ते बसले असतील तर ब्रेक मारल्यावर किंवा जोर दिल्यावर सगळा बॉक्सच पुढे-मागे होतो आणि दांडा केबिनच्या पत्र्याला अडून गिअर बाहेर ओढला जातो. हे दोन्ही ठीक असेल तर मग आतलं, म्हणजे झिजलेला फोर्क, गोल झालेले दाते, शाफ्टचा वाढलेला प्ले. आणि दांडाच नुसता डगडग हलतोय, गिअर शोधावे लागतायत, तर त्याच्या बुडाशी असलेला नायलॉनचा बुश. दांडा वरून काढायचा, बुश बदलायचा, ग्रीस लावायचं, झालं.

जाता जाता, गिअरच्या दांड्यावर हात ठेवून गाडी चालवायची सवय असेल तर सोडा. तो हात वजन टाकतो फोर्कवर, फोर्क घासतो फिरणाऱ्या स्लीव्हला. फोर्कला फक्त गिअर बदलताना क्षणभर टेकायचं असतं, दिवसभर नाही.

तेलाचं प्रकरण

गिअरबॉक्सचं तेल हा आपल्याकडे सगळ्यात दुर्लक्षित विषय. इंजिन ऑइल सगळे वेळेवर बदलतात, बॉक्सचं तेल गळून संपेपर्यंत कुणी विचारत नाही. आणि बदललं तरी काय टाकतात, तर "नव्वद नंबर द्या". नव्वद हा फक्त जाडीचा आकडा झाला. डब्यावर अजून एक गोष्ट लिहिलेली असते, जीएल-४ किंवा जीएल-५, आणि खरा घोळ तिथे आहे. जीएल-५ हे मागच्या क्राऊन-पिनियनसाठी, जिथे दाते एकमेकांवर प्रचंड दाबाने घसरतात. त्या दाबात टिकावं म्हणून त्यात गंधक आणि फॉस्फरसची रसायनं जास्त असतात, आणि गरम झाल्यावर ती पितळेला खाऊ शकतात. दुसरं म्हणजे सिंक्रो रिंगेला पकड पाहिजे असते, तेल गरजेपेक्षा निसरडं असलं की नवी रिंगपण घसरते आणि माणूस म्हणतो सामान डुप्लिकेट निघालं. दुकानदार म्हणतो पाच म्हणजे चारपेक्षा भारी. भारी आहे, पण दुसऱ्या कामासाठी. काही डब्यांवर दोन्हीला चालेल असं लिहिलेलं असतं ते वेगळं, पण गाडीच्या पुस्तकात बॉक्ससाठी जे लिहिलंय तेच टाका, जाडीपण तीच आणि जीएलपण तेच.

तेल काढण्याआधी बाजूचा भरायचा बोल्ट सुटतोय का ते बघा, खालचा नंतर खोला. खालचा खोलून तेल काढून टाकलं आणि वरचा गंजून गोल झालेला निघाला, तर गाडी तिथेच. तेल गाडी फिरवून आल्यावर गरम असताना काढा, स्वच्छ पांढऱ्या टबात काढा, आणि लगेच फेकू नका. खालच्या बोल्टला बहुतेक वेळा चुंबक असतं. त्याच्यावर करडी, लोण्यासारखी बारीक पेस्ट असेल तर ती नेहमीची झीज, पुसून टाका. चिमटीत घेऊन चोळल्यावर टोचलं, सळईसारखे तुकडे लागले, तर बेअरिंग किंवा दाते. तेल उन्हात धरून हलवा, सोनेरी कण चमकले तर ती पितळी रिंग तेलात उतरलीये, पितळ चुंबकाला चिकटत नाही म्हणून ते टबातच शोधायचं. ह्या एका टबाने बॉक्स न खोलता जेवढं कळतं तेवढं दुसऱ्या कशानेच कळत नाही.

आणि तेल दुधाळ, चहासारखं निघालं तर पाणी गेलंय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीकडे पुरात गाड्या बुडाल्या, त्यावेळी इंजिनाचं तेल लोकांनी बदललं, बॉक्स आणि डिफरन्शियल विसरून गेले. खरंतर त्यासाठी पूरही लागत नाही, पावसाळ्यात ओढ्यातून गाडी घातली तरी पुरे. बॉक्स गरम असतो, आतली हवा फुगलेली असते, अचानक गार पाणी लागलं की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून, झिजलेल्या सीलमधून पाणी आत ओढलं जातं. तेलात पाणी मिसळलं की बेअरिंगवर गंजाचे ठिपके पडतात आणि आवाज सहा महिन्यांनी सुरू होतो, तोपर्यंत ओढा कुणाच्या लक्षात नसतो.

ब्रीदर म्हणजे बॉक्सच्या डोक्यावरचं छोटंसं टोपण, हवा आत-बाहेर जायला. ते चिखलाने बुजलं की आतला दाब बाहेर पडायला वाट शोधतो आणि ती वाट असते ऑइल सील. मग सील बदलतात, महिन्याभरात पुन्हा गळतं, पुन्हा बदलतात. आधी ते टोपण साफ करा, फुकटचं काम आहे. गळती पुढच्या सीलमधून असेल तर तेल क्लच प्लेटवर जातं, मग क्लच घसरतो आणि क्लच सेटचा खर्च पडतो, तेव्हा बेल हाउसिंगच्या, म्हणजे क्लच ज्याच्या आत असतो त्या घंटेसारख्या कवचाच्या खालून थेंब पडत असतील तर बोट लावून वास घ्या. गिअर ऑइलला गंधकाचा एक उग्र वास असतो, इंजिन ऑइलला तो नसतो, त्यावरून कळतं की सील बॉक्सचं गेलंय की इंजिनाचं मागचं.

टोचनाचंही इथेच सांगून टाकतो कारण ते तेलाशीच निगडित आहे. आत तेल पंपाने नाही, ले शाफ्टचे गिअर तेलात बुडून उडवतात त्यानेच सगळीकडे पोचतं. गाडी बंद पडली, न्यूट्रलला टाकून टोचन करून लांब नेली, तर मागची चाकं मेन शाफ्ट फिरवत राहतात, पण इंजिन बंद म्हणून ले शाफ्ट थांबलेला, म्हणजे तेल उडतच नाही. मेन शाफ्टवरचे गिअर कोरडे घासत जातात. चौकातून गॅरेजपर्यंत काही होत नाही, पण नाशिकहून संगमनेरला असं न्यायचं असेल तर प्रोपेलर शाफ्ट सोडा. चार बोल्टचं काम आहे. इंजिन बंद करून घाट उतरण्याची जी काही जणांना हौस असते तिथेही बॉक्सचं हेच होतं, ब्रेकचं काय होतं तो वेगळाच विषय.

खाली घेतलाच तर

आता समजा ऐकून, टब बघून ठरलं की खोलायचाच. बॅटरीची निगेटिव्ह काढा. प्रोपेलर शाफ्ट काढायच्या आधी दोन्ही फ्लँजवर (बोल्टने जोडलेल्या टोकाच्या चकत्यांवर) रंगाने खूण करा, उलटा बसला तर हायवेला गाडी थरथरते आणि मग त्याचं कारण शोधत बसावं लागतं. क्लचचा खालचा सिलेंडर पाइप न सोडता नुसता बाजूला बांधून ठेवा म्हणजे परत हवा काढायला नको. दांडा केबिनमधून काढा, स्पीडोमीटरची केबल, रिव्हर्स लाइटची वायर, स्टार्टर, मग मागचा क्रॉस मेंबर, म्हणजे बॉक्सला खालून धरणारी आडवी पट्टी. इंजिनाखाली जॅक आणि लाकडाचा ठोकळा द्यायचा, नाहीतर क्रॉस मेंबर काढल्यावर इंजिन मागे लटकतं आणि पुढचे माउंटिंग, पाइप ताणतात. बेल हाउसिंगचे बोल्ट कमी-जास्त लांबीचे असू शकतात, पुठ्ठ्यावर बॉक्सचा आकार काढून जिथला तिथे खोचून ठेवा.

बॉक्स सुटताना एक गोष्ट गॅरेजवर उभं राहून बघा. तो सरळ रेषेत मागे ओढला पाहिजे. निम्मा बाहेर आल्यावर "जरा धर" म्हणून त्याचं वजन क्लच शाफ्टवर लोंबकळत ठेवलं की क्लच प्लेटचा मधला हब वाकतो. बसवतानाही तेच, उलट बसवताना जास्त, कारण शाफ्ट प्लेटमध्ये शिरत नसतो आणि लोक बोल्ट आवळून ओढून घ्यायला बघतात. बोल्टने ओढायचं नाही. हाताने शिरला पाहिजे, शिरत नसेल तर प्लेट मधोमध नाही, परत सेंटर करा.

खोलायच्या आधी बाहेरून धुवा, डिझेलने, ब्रशने, वाळूचा एक कणही आत जाता कामा नये. रॉड काढताना गोळी-स्प्रिंग उडते म्हणून वर फडकं धरा. आणि त्या रॉडच्या मधे छोट्या पिना असतात, एखाद्या बॉक्समध्ये गोळ्या, त्या इंटरलॉकच्या. एका वेळी एकच रॉड हलू द्यायचा, बाकीचे अडवायचे, एवढंच त्यांचं काम. ती पीन जुनाट ग्रीसमध्ये चिकटून पडून जाते आणि टबात वाहून जाते, बॉक्स तिच्याशिवायही छान जोडला जातो, गिअरही पडतात, आणि एके दिवशी दोन गिअर एकदम पडतात आणि मागची चाकं जागच्या जागी जाम होतात. मिस्त्रीला बॉक्स बंद करायच्या आधी "पीन बसवली का" एवढं विचाराच, राग आला तर येऊ दे.

सिंक्रो रिंग तपासायची पद्धत सोपी आहे. रिंग तिच्या कोनवर हाताने दाबून बसवा आणि रिंगेचे दाते आणि गिअरचे दाते यांच्या मधल्या फटीत फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी घाला. नव्या रिंगेला ही फट साधारण एक मिलिमीटर किंवा थोडी जास्त असते, झिजत जाते तशी रिंग कोनवर आत आत जाते आणि फट कमी होते. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास आली की रिंग संपली असं समजा, नेमका आकडा त्या बॉक्सच्या मॅन्युअलमध्ये असतो. फट तिन्ही-चारी बाजूंनी मोजा. मग कोनला तेलाचं बोट लावून रिंग दाबून फिरवून बघा, पकडली पाहिजे. पण नुसती रिंग बदलून भागेलच असं नाही. स्लीव्हचे आणि गिअरचे जे बारीक दाते असतात त्यांची टोकं नवीन असताना छपरासारखी दोन्हीकडून उतरती असतात. ती गोल झाली असतील, तुटली असतील, तर नवी रिंग टाकूनही वाजणार आणि गिअर सुटणारही. तो गिअर आणि हब-स्लीव्ह जोडीनेच बदलायचा, स्लीव्ह जुनी आणि हब नवा अशी काटकसर चालत नाही. काढताना स्लीव्हची कुठली बाजू पुढे होती त्याची खूण करून ठेवा, उलटी बसते बऱ्याचदा.

बेअरिंग ठोकून काढतात, बसवतातही ठोकून. प्रेस असलेल्याकडे न्या. कोल्हापूरला उद्यमनगरमध्ये किंवा कुठल्याही एमआयडीसीत लेथवाल्याकडे प्रेस असतेच. शाफ्टवर बसवताना जोर आतल्या कड्यावरच आला पाहिजे, बाहेरच्या कड्यावर ठोकलं की तो सगळा मार गोळ्यांवरून जातो, त्यांच्या मार्गावर न दिसणारे खड्डे पडतात, आणि नवं बेअरिंग पहिल्याच दिवसापासून घूं-घूं करतं. बॉक्स उघडलाच आहे तर बेअरिंगं, सगळी सीलं, गोळी-स्प्रिंग बदलून टाका, माझं तरी हेच मत. लोक दोनशे रुपयांचं सील वाचवतात आणि त्यासाठी परत सगळी मजुरी भरतात. रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग तर नवीनच, आणि समोर इंजिनाचं मागचं सील दिसतंय तर तेही बघून घ्या. गिअर मात्र दाते चांगले असतील तर उगाच बदलू नका, जुन्यावर जुनाच गिअर जुळलेला असतो. शिम (फट भरायची पातळ चकती) जिथे होती तिथेच, तेवढ्याच जाडीची, आणि शाफ्टचा प्ले डायल गेजने मोजून, अंदाजाने नाही.

जोडून झाला की गाडीत चढवायच्या आधी बाकावरच क्लच शाफ्ट हाताने फिरवत सगळे गिअर टाकून बघायचे. अडलं तर ते तिथे कळलेलं बरं. तेल भरायचं ते गाडी सपाट असताना बाजूच्या बोल्टातून ओघळ येईपर्यंत, त्याच्यापेक्षा जास्त नाही. पहिलं तेल हजार-एक किलोमीटरला काढून परत तो टब बघायचा.

सेकंडहँड बॉक्स घ्यायचा का, हा प्रश्न येतोच. बॉक्सची केस, म्हणजे बाहेरचं कवच फुटलं असेल, ले शाफ्टचे दाते उडाले असतील तर सामानाचा हिशोब कधी कधी अख्ख्या बॉक्सच्या वर जातो, तेव्हा मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड किंवा जिथे गाड्या तोडतात तिथून बॉक्स आणणं परवडतं. फक्त तो बॉक्सही कुठल्यातरी ओव्हरलोड गाडीतूनच निघालेला असतो हे धरून चला. जाताना आपल्या बॉक्सवरच्या पट्टीचा किंवा केसवरच्या आकड्याचा फोटो घेऊन जा, एकाच नावाच्या पिकअपमध्ये वेगवेगळ्या वर्षी वेगळे बॉक्स आलेत, बेल हाउसिंगची भोकं जुळतील पण आतलं गिअरचं प्रमाण वेगळं निघेल, नाहीतर क्लच शाफ्टचे आटेच वेगळे. तिथे उभं राहून प्रत्येक गिअर टाका आणि क्लच शाफ्ट हाताने फिरवा, मागची फ्लँज वर-खाली हलवून बघा, ढकढक करत असेल तर मागचं बेअरिंग गेलेलं. खालचा बोल्ट खोलायला लावा, नाही म्हणाला तर पुढच्या दुकानात. तेलच नसेल, वॉशिंग करून चकाचक ठेवला असेल, तर बोट आत घालून गंज लागतोय का बघा, बुडालेल्या गाडीचा असू शकतो. आणि बॉक्स रिक्षात टाकायच्या आधी रिव्हर्स लाइटचा स्विच आणि स्पीडोमीटरचा छोटा गिअर जागेवर आहे का ते बघा, ह्या दोन गोष्टी आधीच काढून वेगळ्या विकलेल्या असतात.